कॅज्युअल्टीतून बीपीचा पेशंट घरी आणलाय, आता पुढचा महिनाभर काय करायचं

हे मी पेशंटसाठी कमी आणि त्याला घरी घेऊन जाणाऱ्या माणसासाठी जास्त लिहितेय, म्हणजे मुलगा, सून, बायको, भाऊ, जो कोणी रात्री दीड वाजता बिल भरून, फाईल काखेत धरून रिक्षा शोधत असतो त्याच्यासाठी. मी नाशिकमध्ये कॅज्युअल्टीत सिस्टर आहे, १२ वर्षं झाली. बीपी वाढलं म्हणून आलेला पेशंट चार तासांनी बरं वाटून घरी निघतो तेव्हा घरच्यांच्या चेहऱ्यावर जे 'सुटलो बाबा एकदाचे' असतं ना, ते बघून दरवेळी वाटतं की यांना दहा मिनिटं बसवून सगळं नीट सांगावं, पण तेवढ्यात दारात दुसरी ॲम्ब्युलन्स आलेली असते आणि राहून जातं. म्हणून इथे लिहून टाकते.

पहिली गोष्ट, कॅज्युअल्टीत बीपी बरं होत नाही. तिथे फक्त एवढंच बघतात की वाढलेल्या बीपीने मेंदूला, हृदयाला, किडनीला किंवा डोळ्याला आत्ता या क्षणी इजा होतेय का. त्यासाठी ईसीजी काढतात, रक्त-लघवी तपासतात, हातपाय हलवायला लावतात, बोलायला लावतात. इजा नसेल तर शांत पडू देतात, एखादी गोळी देतात आणि घरी सोडतात. यावर नातेवाईक चिडतात, "अहो १७० आहे अजून आणि घरी पाठवताय?" चिडणं समजू शकते मी, पण हे बरोबरच असतं. ज्याचं बीपी कित्येक महिने, कित्येक वर्षं वर होतं त्याच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांना त्या दाबाची सवय झालेली असते, तो तासाभरात धाडकन खाली आणला तर मेंदूला रक्त कमी पडतं आणि ज्याला घाबरून आपण आलो तोच अर्धांगवायूचा झटका येऊ शकतो. म्हणून इंजेक्शन द्याच असा हट्ट नको. आणि घरी कुणी शेजारी-पाजारी सांगेल की बीपीची ती निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवा, लगेच उतरतं, तर ते अजिबात नको. ती पद्धत डॉक्टरांनी कधीच सोडून दिलीय ती याच कारणाने, लगेच उतरतं म्हणूनच.

म्हणजे खरं काम घरी सुरू होतं, आणि ते पहिल्या महिन्यातच बसवावं लागतं. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती तरी मी स्वतःच्या घरात चुकले. माझे सासरे, वय ६६, लग्नाच्या धावपळीत चक्कर आली म्हणून दुसऱ्या एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं, बीपी २१०/११०. रात्रीत उतरलं, सकाळी घरी. कार्डावर १५ दिवसांच्या गोळ्या आणि खाली एका ओळीत 'फिजिशियनला दाखवणे' एवढंच. मी ते कार्ड वाचलंच नाही, मला वाटलं यांनी वाचलं, यांना वाटलं मी सिस्टर आहे म्हणजे मी वाचलं. गोळ्या संपल्या तेव्हा सासऱ्यांना काहीच त्रास नव्हता, त्यामुळे त्यांनी आणल्या नाहीत. दोन महिन्यांनी सकाळी चहाचा कप उजव्या हातातून सुटला. हात आता बऱ्यापैकी आलाय परत, पण सही पूर्वीसारखी होत नाही. त्यामुळे खालचं सगळं जरा कळकळीनं लिहिलेलं वाटलं तर तसंच आहे ते.

घरी पोचल्यावर, किंवा फार दमला असाल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, डिस्चार्ज कार्ड घेऊन बसा आणि एका माणसाने ते मोठ्याने वाचा. कोणती गोळी नवीन आहे, जुनी कोणती चालू ठेवायची, कोणती बंद करायची, किती दिवसांची दिलीये आणि परत कधी दाखवायचंय. यातलं काही कळलं नाही तर कार्डावरच्या नंबरला फोन करा, संकोच करू नका, आम्हाला असे फोन आलेले आवडतात कारण न विचारता दोन डॉक्टरांच्या एकाच घटकाच्या दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या एकदम घेणारे पेशंट आम्ही पाहिलेत. जुनी गोळी एका कंपनीची, नवी दुसऱ्या कंपनीची, नाव वेगळं, आत औषध तेच. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात घटकाचं नाव असतं, अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन वगैरे, ते जुळवून बघा. आणि एकाच माणसावर जबाबदारी टाका, घरात एकाचं नाव ठरवा, सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही.

आता मशीन. घ्यायचंच असेल तर दंडाला पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको, मनगटाचं हात जरा वर-खाली झाला की भलतंच दाखवतं. पट्ट्यावर छापलेलं असतं तो किती सेंटीमीटरच्या दंडाला चालतो, साधा पट्टा बहुतेक २२ ते ३२ चा येतो, तुमच्या माणसाचा दंड शिवणकामाच्या टेपने मोजा आणि जास्त असेल तर मोठा पट्टा मागा, कारण लहान पट्टा आवळून बांधला की नसलेलं बीपी दिसतं. पहिल्यांदा दोन्ही दंडांवर मोजा, ज्यावर जास्त येईल तो कायमचा धरा.

मोजायची पद्धत सांगते कारण इथेच सगळी गडबड होते. माणूस बाजारातून पिशवी घेऊन येतो, जिना चढतो आणि सोफ्यावर टेकायच्या आत नातू पट्टा बांधतो, मग १७० येतं, मग घरात रडारड. असं नाही. आधीचा अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही, बिडी नाही, जिना नाही. लघवीला जाऊन यायचं, भरल्या लघवीने आकडा दहा-पंधराने वर जाऊ शकतो. पाठ टेकून खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर सपाट, मांडी घालून नाही, पायावर पाय नाही. हात टेबलावर किंवा उशीवर, पट्टा छातीच्या उंचीला. शर्टावरून बांधायचा नाही. आणि मोजताना बोलायचं नाही, टीव्ही बंद, आमच्याकडे सासूबाई नेमक्या त्याच वेळी विचारायच्या की आज भाजी काय करायची, आणि ते उत्तर द्यायचे. एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा मोजायचं आणि दोन्ही लिहायचे. सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, असे सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे बाजूला ठेवून बाकी सहा दिवसांची सरासरी काढली की तो तुमच्या माणसाचा खरा आकडा. घरी मोजताना सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर ते जास्तच, दवाखान्यात हाच हिशोब १४०/९० ला धरतात. मशीनवर वाकड्यातिकड्या ठोक्याची खूण वारंवार दिसत असेल तर आकड्यावर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा, ईसीजी काढावा लागेल.

दिवसातून १५ वेळा मोजू नका पण. काही घरात मशीन म्हणजे सतत छळ होऊन बसतो, मोजलं, जास्त आलं, घाबरले, परत मोजलं, अजून जास्त आलं. भीतीनेच चढतं ते.

आता केव्हा पळायचं आणि केव्हा नाही, हे फ्रीजवर चिकटवून ठेवा. वरचा आकडा १८० च्या पुढे किंवा खालचा १२० च्या पुढे आला, पण माणूस व्यवस्थित आहे, बोलतोय, चालतोय, तर आधी शांत बसवा, पाच-दहा मिनिटांनी परत मोजा, राहिलेली गोळी असेल तर ती द्या, आणि तरी तसंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा किंवा दाखवा. जास्तीची गोळी आपल्या मनाने नाही. पण आकड्यासोबत छातीत दुखणं, धाप, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोबडं बोलणं, अचानक दिसेनासं होणं, आयुष्यात झालं नाही असं डोकं दुखणं, बरळणं किंवा फिट येणं, यातलं एक जरी असेल तर मोजत बसू नका, १०८ ला फोन करा. तोंड वाकडं किंवा हात लुळा असेल तर आकडा कितीही असो, नॉर्मल असला तरीही. रक्ताच्या गुठळीने झालेल्या अर्धांगवायूत गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देतात, म्हणून 'शेवटचं नीट कधी बघितलं होतं' ती वेळ लिहून ठेवा, कॅज्युअल्टीत आम्ही सगळ्यात आधी तेच विचारतो. जिथे सीटी स्कॅन आहे तिथेच न्या, आधी गल्लीतल्या दवाखान्यात, मग तिथून पुढे, यात तास जातात.

घरात गरोदर बाई असेल किंवा बाळंतीण, बाळंतपणाला सहा आठवडे झाले नसतील, तर हे १८०/१२० चे आकडे तिला लागू नाहीत. तिला १४०/९० म्हणजे लगेच डॉक्टर आणि १६०/११० म्हणजे लगेच हॉस्पिटल.

गोळ्यांचं बघू. अॅम्लोडिपिन चालू केली की दुसऱ्या दिवशी आकडा जागेवर येईल असं नाही, तिचा पूर्ण परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे जाऊ शकतात, म्हणून चौथ्या दिवशी "ही गोळी लागू पडत नाही" म्हणून डॉक्टर बदलू नका. पायाच्या घोट्याला सूज येऊ शकते, ती बऱ्याचदा या गोळीची असते, किडनी गेली असं लगेच समजू नका पण सांगा नक्की, डॉक्टर डोस किंवा गोळी बदलतात. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गटाच्या गोळीने कोरडा खोकला लागतो काहींना. टेल्मिसार्टन चालू केल्यावर काही आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासायला सांगतात, ती तपासणी टाळू नका, आणि बाळाचा विचार करणाऱ्या बाईला ही गोळी चालत नाही हे आधीच सांगा. क्लोरथॅलिडोनने लघवी जास्त होते आणि कधी कधी सोडियम-पोटॅशियम कमी होतं, म्हाताऱ्या माणसाला अचानक गळून गेल्यासारखं, गोंधळल्यासारखं झालं तर हे डोक्यात असू द्या. उठल्यावर चक्कर येत असेल तर बसून एकदा आणि उभं राहून मिनिटभराने एकदा मोजा, उभ्याने वरचा आकडा २० ने पडत असेल तर डॉक्टरांना कळवा. तोवर पलंगावरून एकदम उठू द्यायचं नाही, आधी पाय खाली सोडून बसायचं.

सकाळी घ्यावी की रात्री यावर लोक फार डोकं चालवतात. डॉक्टरांनी खास वेळ सांगितली असेल तर ती पाळा, नाहीतर ज्या वेळेला विसरणार नाही ती वेळ चांगली. सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी घड्याळाची वेळ धरण्यापेक्षा एखाद्या रोजच्या कामाला बांधा, झोपून उठलं की दात घासून गोळी, मग ते सकाळी सहाला असो की दुपारी दोनला, आणि शिफ्ट बदलताना जरा मागेपुढे झाली तर बिघडत नाही, फक्त एका दिवसात दोन नकोत. एखादा डोस चुकला आणि दुसऱ्याची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या, डबल घेऊ नका. आणि उपवास! "आज एकादशी आहे, उपाशीपोटी गोळी कशी घेऊ" हे मी दर महिन्याला ऐकते. अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन उपाशीपोटीही चालतात, पाण्यासोबत घ्या, उपवास मोडत नाही. शुगरच्या गोळ्यांचं तसं नाही, त्या उपवासाला कशा घ्यायच्या ते वेगळं विचारा. मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल किंवा क्लोनिडिन चालू असेल तर ती मनाने एकदम बंद करू नका कधीच, बीपी उसळी मारून वर येतं.

बीपी ठीक असणं आणि गोळी चालू असणं हे एकच आहे. "आता १२४ येतंय, मग गोळी कशाला?" अहो गोळी आहे म्हणून १२४ आहे. हे वाक्य मी सासऱ्यांना त्या १५ दिवसांत एकदा जरी बोलले असते.

मेडिकलमधून आणलेल्या इतर गोळ्यांवरही नजर ठेवा. गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक, अॅसेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन रोज घेणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत, त्या गोळ्यांनी बीपी वाढतं आणि किडनीला त्रास होतो, बीपीच्या गोळीचा परिणामही कमी होतो. दुखण्याला काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा. सर्दीच्या गोळ्यांमध्ये नाक मोकळं करणारं औषध असतं तेही बीपी चढवतं. दम्याची, सांधेदुखीची म्हणून कुणीतरी दिलेली बिननावाची पुडी असेल तर ती पुडीच डॉक्टरांकडे न्या. आणि जेष्ठमध, घसा धरला की आपण सहज चघळतो, काढ्यात टाकतो, पण रोज जास्त प्रमाणात घेतलं तर त्याने बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. हे ऐकून लोकांना नवल वाटतं.

मिठाबद्दल थोडं जास्त बोलते कारण आपलं नाशिक. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, सगळ्या खाण्यातलं मिळून. घरात मोजायची सोपी युक्ती सांगते, चार माणसांना महिन्याला ६०० ग्रॅम होतात. म्हणजे किलोची मिठाची पिशवी दीड महिना पुरायला हवी, तुमच्याकडे २० दिवसांत संपत असेल तर उत्तर तिथेच आहे, आणि यात बाहेरचं खाणं धरलेलंच नाही. पानात वरून मीठ घ्यायचं बंद करा, डबीच टेबलावरून उचला. लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, शेव, वेफर्स, चिवडा आणि रविवारची मिसळ, हे सगळं एकत्र खाऊन भाजीत मीठ कमी करण्याला अर्थ नाही. मिसळ कायमची सोडा असं मी नाशिककराला सांगणार नाही, सांगून कुणी ऐकणारही नाही, पण पहिला महिनाभर थांबा, नंतर महिन्यातून एखाद वेळी, पापड न घेता, दुसऱ्यांदा तर्री न मागता. उन्हाळ्याची वाळवणं, पापड, कुरडया, सांडगे, यात मिठाशिवाय पापडखारही असतो, त्यातही सोडियमच आहे, खायच्या सोड्यातही आहे, आणि ॲसिडिटीसाठी पाण्यात फसफसणारी पावडर घेतो तिच्यातही.

सैंधव चालतं हा मोठा गैरसमज आहे. सैंधव, गुलाबी मीठ, साधं मीठ, बीपीच्या हिशोबाने सगळं एकच, सोडियम क्लोराइड. बाजारात 'लो सोडियम' म्हणून मिळतं त्यात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम घातलेलं असतं, ते काहींना उपयोगी आहे पण किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल चालू असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका, पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. घरात सगळ्यांनाच कमी मिठाचं करा, एकट्या आजोबांना वेगळं अळणी ताट वाढलं तर ते चार दिवस टिकतं. लिंबू, आमसूल, जिरं, लसूण, कोथिंबीर वाढवा, दोन-तीन आठवड्यांत जिभेला सवय होते, खरंच होते. लसणाने चव येते, पण लसूण खाऊन गोळी बंद करता येत नाही.

चालण्याचं थोडक्यात, पहिल्या फेरतपासणीत डॉक्टर हो म्हणाले की सुरू करा, गोल्फ क्लबचा ट्रॅक असो की तुमच्या कॉलनीतला, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने, आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास. पहिल्याच आठवड्यात पांडवलेणी चढायला नेऊ नका. तंबाखू, मिश्री, गुटखा, सिगारेट यात कमी-जास्त काही नाही, बंदच. दारूने बीपी वाढतं, वाईन असली तरी. आणि माणूस जोरात घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, दिवसा पेंगत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, झोपेतल्या त्या त्रासाने कधी कधी तीन-तीन गोळ्यांनीही बीपी हटत नाही.

दाखवायचं कधी, तर घरी आल्यापासून एका आठवड्याच्या आत एकदा, मग आकडा आटोक्यात येईपर्यंत दर महिन्याला, नंतर डॉक्टर सांगतील तसं तीन ते सहा महिन्यांनी. बहुतेकांना १४०/९० च्या खाली आणायचं असतं, शुगर, हृदय, किडनी असेल तर आणखी खाली, तुमच्या माणसाचा आकडा कोणता ते पहिल्याच भेटीत विचारून कार्डावर लिहून घ्या. जाताना डिस्चार्ज कार्ड, बीपीचे आकडे लिहिलेली वही, घरातल्या सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत आणि एकदा तरी स्वतःचं मशीन न्या, तिथल्या मशीनशी ताडून बघायला. त्या दिवशीची बीपीची गोळी खाऊनच जा, तपासायचंय म्हणून न खाता जाऊ नका. खासगी डॉक्टर परवडत नसेल तर म्हणून थांबू नका, त्र्यंबक रोडला सिव्हिल हॉस्पिटल आहे, नाशिक रोडला बिटको, कथड्याला झाकीर हुसेन, तालुक्याच्या गावांत प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. सरकारी दवाखान्यात बीपी-शुगर तपासून गोळ्या मोफत देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रमच आहे, केसपेपर काढताना बीपीचा पेशंट आहे असं सांगा. जनऔषधी केंद्रात याच गोळ्या बऱ्याच स्वस्त मिळतात, घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम तेवढे जुळले पाहिजेत.

निफाड-दिंडोरीकडची मंडळी ऑक्टोबर छाटणीला आणि द्राक्ष काढणीला हमखास गायब होतात. मी समजू शकते, बाग थांबत नाही. पण मग छाटणी सुरू व्हायच्या आधी येऊन दोन महिन्यांच्या गोळ्या लिहून घ्या, गोळ्यांचा एक डबा घरात आणि दोन-चार गोळ्या मळ्यातल्या शेडमध्ये ठेवा. गडावर, त्र्यंबकला, लग्नाला, कुठेही मुक्कामी जाताना आधी गोळ्या मग कपडे.

आमच्याकडे आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर सासरे स्वतः रोज गोळी घेतली की खूण करतात, डाव्या हाताने, आणि स्ट्रिपमध्ये पाच गोळ्या उरल्या की रिकामा भाग कातरून माझ्या पर्समध्ये टाकतात, ड्युटीवरून येताना मेडिकलमध्ये दाखवायला.